फौजेतली फाइल आणि सोलापुरातला दवाखाना

२०१६च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना, अण्णांना, थंडीताप आला. आमचं गाव मोहोळ तालुक्यात. रक्त तपासलं तर मलेरिया निघाला, व्हायवॅक्स जातीचा. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे क्लोरोक्विन दिलं आणि मलेरिया यकृतात दडून बसू नये म्हणून प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी अण्णांची लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे पडले, ओसरीची पायरी चढताना धाप लागली. सोलापूरला आणेपर्यंत हिमोग्लोबिन सहावर आलं होतं.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, पूर्वी कधी असं झालं होतं का?"

अण्णा म्हणाले, "आसामला असताना झालं होतं की. एमएचला, मिलिटरी हॉस्पिटलात, पंधरा दिवस ठेवलं होतं. कागदावर लाल शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं."

ते लाल शाईतलं काय होतं, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. मध्ये रक्त भरावं लागलं, अण्णा सावरले. मग डॉक्टरांनी जी-सिक्स-पीडी नावाची तपासणी करून घेतली. लाल पेशी फुटत असताना ही तपासणी केली तर ती कधी कधी खोटी नॉर्मल येते, म्हणून तीन महिने थांबायचं. लाल पेशींना जपणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, काही माणसांत जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काही होत नाही. पण प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की पेशी फुटायला लागतात. अण्णांचं तेच होतं. ज्यांनी गोळ्या दिल्या त्या डॉक्टरांना मी कधी दोष दिला नाही. त्यांच्यापुढे कोरा पेशंट बसला होता.

पण अण्णा कोरे नव्हते. तोफखान्यात त्यांनी चोवीस वर्षं काढली होती आणि त्या चोवीस वर्षांत त्यांच्या शरीराबद्दल बरंच काही लिहून ठेवलेलं होतं. मी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात एमआरडीत, म्हणजे पेशंटचे कागद सांभाळणाऱ्या विभागात काम करते. दिवसभर मी लोकांच्या फायली शोधून देते. घरच्या माणसाचा एक कागद वेळेवर हाती आला नाही, हे मला आजही लागतं. फौजेतल्या आरोग्यनोंदी आणि देशाची नागरी आरोग्यनोंदींची व्यवस्था एकमेकींशी जोडायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मी तेव्हापासून धरून बसले आहे. तो दिसतो तेवढा सोपा नाही, आणि सांगितला जातो तेवढा अवघडही नाही.

दोन दप्तरं

फौजी माणसाच्या तब्येतीची नोंद भरतीच्या दिवशीच सुरू होते. छाती, उंची, डोळे, कान. पुढे एमआय रूम म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना, आरएमओ म्हणजे तिथला डॉक्टर, तिथून मिलिटरी हॉस्पिटल, त्याहून गंभीर असेल तर कमांड हॉस्पिटल. आपल्याकडच्या जवानांना पुण्याचं कमांड हॉस्पिटल आणि खडकीचं एमएच चांगलं माहीत असतं. पाय गमावलेले जवान पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात जातात. दरवर्षी तपासणी होते आणि नोकरी संपताना शेवटचं मेडिकल बोर्ड बसतं. म्हणजे गावाकडच्या माणसाची नसते इतकी सलग नोंद फौजेतल्या माणसाची असते. खरं तर हा खजिना आहे.

मग माणूस पेन्शन येतो. बहुतेक शिपाई पस्तिशी-चाळिशीतच पेन्शन येतात, म्हणजे अर्धं आयुष्य पुढे असतं. त्यांच्यासाठी १ एप्रिल २००३पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. सोलापुरातही तिचं पॉलिक्लिनिक आहे. तिथे तपासतात, औषधं देतात आणि मोठं काही असलं तर यादीवरच्या खासगी रुग्णालयात पाठवतात. पण ताप काही कार्ड बघून येत नाही. मोहोळ, करमाळा किंवा सांगोल्याच्या खेड्यातला माणूस रात्री दोन वाजता जवळच्या डॉक्टरकडेच जाणार. तिथून सिव्हिलला, नाहीतर होटगी रोडवरच्या एखाद्या दवाखान्यात. इथल्या कुणापुढेच ती चोवीस वर्षं नसतात.

दुसरं दप्तर नागरी. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत ती राबवली गेली आणि २७ सप्टेंबर २०२१पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावानं ती देशभर सुरू झाली. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ती चालवतं. तिच्यात प्रत्येकाला एक चौदा आकडी नंबर मिळतो, त्याला 'आभा' म्हणतात. आमच्या खिडकीवर रोज पाच-सहा जण पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड पुढे करतात आणि हेच आभा म्हणून सांगतात. ते वेगळं, हे वेगळं. विम्याचं कार्ड बिल भागवतं. आभा फक्त तुमच्या नोंदींचा पत्ता सांगतं, आणि ते काढणं ऐच्छिक आहे.

जोडणं म्हणजे एका गोदामात भरणं नव्हे

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'जोडणी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दिल्लीतला एक भलामोठा संगणक येतो आणि त्यात सगळ्यांच्या सगळ्या फायली. माजी सैनिकांशी बोलताना मला हाच प्रश्न पहिल्यांदा येतो, "म्हणजे आमचं सगळं एका जागी जाणार का?"

नाही. सातबारा कसा चालतो ते आठवा. मूळ नोंद महसुलाच्या दप्तरातच राहते, आपण गरजेपुरता उतारा काढतो आणि बँकेला किंवा सोसायटीला देतो. आभाची रचना तशीच आहे. तुमची फाइल जिथे तयार झाली त्या रुग्णालयातच राहते. मधली व्यवस्था एवढंच जाणते की या नंबरच्या माणसाची नोंद अमुक तीन ठिकाणी आहे. नव्या डॉक्टरला ती हवी असेल तर तो मागणी टाकतो. मागणी तुमच्या मोबाइलवर येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आणि किती दिवस बघायला, हे सगळं त्यात असतं. तुम्ही हो म्हणालात तरच उतारा कुलूपबंद स्वरूपात एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जातो. दिलेली परवानगी मागेही घेता येते.

आता यात मिलिटरी हॉस्पिटल कुठे बसेल? एमएचनं आपलं दप्तर कुणाला सुपूर्द करायचं नाही. त्यानं फक्त खिडकी उघडायची, आणि ती कुणासाठी, केव्हा, किती उघडायची याचा नियम ठरवायचा. माझ्या मते सगळा विषय या खिडकीच्या नियमाचा आहे. तंत्र उपलब्ध आहे. नियम विचार करून लिहावे लागतील.

एक जून आणि चार पाटील

खिडकीपाशी पहिला प्रश्न, समोरचा माणूस तोच कशावरून?

फौजेत माणसाची ओळख म्हणजे त्याचा आर्मी नंबर. अण्णांना आजही झोपेतून उठवून विचारलं तर आधी नंबर सांगतील, मग नाव. नागरी जगात आधार, मोबाइल, आभा. हे दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे मध्ये नाव आणि जन्मतारीख येते. आणि तिथे आपल्या भागात मोठी गंमत, नव्हे, मोठी अडचण आहे. आपल्या खेड्यापाड्यांत त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय भरावं म्हणून ती तारीख टाकली आणि तीच पुढे जन्मभर चिकटली. आमच्या संगणकात 'पाटील, १ जून' एवढंच टाकलं की पडदा भरून नावं येतात. त्यातही फौजेच्या कागदावर आडनाव शेवटी नसतंच कधी कधी, वडिलांचं नाव गळलेलं असतं, इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानाला आलं तसं असतं.

इथे दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. एक, नोंद आहे पण जुळलीच नाही. दुसरी, दुसऱ्याच पाटलांची नोंद या पाटलांना चिकटली. पहिली चूक वाईट, पण डॉक्टरला निदान कळतं की आपल्याला माहीत नाही, आणि तो सावध राहतो. दुसरी फार घातक, कारण तिथे डॉक्टरला वाटतं की आपल्याला माहीत आहे. यंत्रमागावर संपलेल्या बीमच्या धाग्यांना नव्या बीमचे धागे एकेक करून जोडतात, ते काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. धागा तुटलेला असला तर दिसतो. शेजारचा धागा चुकून जोडला गेला तर माग चालूच राहतो आणि चुकीची रेघ अख्ख्या चादरीभर उमटत जाते.

म्हणून ही जुळणी निव्वळ संगणकावर सोडू नये. सर्वात चांगली वेळ नोकरीच्या शेवटच्या महिन्यांतली. माणूस स्वतः हजर असतो, आर्मी नंबर आणि आधार दोन्ही त्याच्या हातात असतं, मेडिकल बोर्ड होणारच असतं. त्याच टेबलावर त्याच्यादेखत, त्याच्या संमतीनं आभा जोडून नाव-तारखेतला फरक तिथेच मिटवायचा. वीस वर्षांनी, ताप चढलेला असताना, रात्री दोन वाजता हे होत नाही.

'पी-थ्री' म्हणजे काय हो?

माणूस जुळला. आता कागद वाचता आला पाहिजे.

फौजेत तब्येतीचं मोजमाप 'शेप' या पद्धतीनं होतं. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, ई म्हणजे डोळे. प्रत्येकाला एक ते पाचमधला आकडा. सगळीकडे एक असेल तर 'शेप-वन', कुठल्याही कामाला तयार. आकडा वाढला की 'कॅटेगरी लागली'. माझ्यासमोर एकदा एका निवृत्त नाईकांनी त्यांचा कागद ठेवला होता, त्यावर 'पी-थ्री' होतं. आमच्या तरुण डॉक्टरांनी मला विचारलं, हा कुठला आजार?

तो आजार नाहीच. या माणसाला कोणतं काम देता येईल याचं ते उत्तर आहे. पी-थ्रीमागे रक्तदाब असेल, मधुमेह असेल किंवा हृदयाची झडप असेल. कॅटेगरी जशीच्या तशी नागरी संगणकात टाकली तर अक्षर पोचतं, अर्थ मागे राहतो. म्हणून जोडणी करताना कॅटेगरीऐवजी तिच्यामागचं निदान न्यावं लागतं.

यासाठी जगभर काही समान शब्दकोश वापरतात. स्नोमेड सीटी या कोशात साडेतीन लाखांच्या आसपास वैद्यकीय संकल्पना आहेत आणि प्रत्येकीला एक आकडा. भारत २०१४मध्ये त्याचा सदस्य झाला. तुम्ही 'दमा' लिहा, 'अस्थमा' लिहा, आकडा एकच. प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी लॉइंक नावाचा कोश आहे. आणि हे सगळं कोणत्या साच्यात घालून पाठवायचं याचा ठराव म्हणजे फायर (एफएचआयआर). आयुष्मान भारत मिशननंही हाच साचा घेतला आहे.

साचा नसला तर काय होतं, याचं साधं उदाहरण साखर. आपण साखर १२६ म्हणतो, कारण आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो. काही देशांत तीच साखर ७ असते, कारण ते मिलिमोलमध्ये मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परदेशी गेलेल्या जवानाचा तिथला रिपोर्ट नुसता '७' म्हणून इकडे आला आणि संगणकानं तो आपल्या मापात वाचला, तर पडद्यावर एक मेलेला माणूस दिसेल. आकड्यासोबत माप आलंच पाहिजे, हा नियम लहान वाटतो. मी तो मोठा मानते.

जुन्या हस्तलिखित कागदांचं मात्र मन मारून सांगते, ते सगळे कोशात बसवण्याच्या नादी लागू नये. त्यांचे फोटो काढून जोडावेत आणि त्यातल्या जिवावर बेतणाऱ्या चार गोष्टी तेवढ्या हातानं उतरवाव्यात. कुठल्या चार? आंतरराष्ट्रीय रुग्णसारांश नावाचं एक मानक आहे, त्यात तीन भाग टाळताच येत नाहीत. चालू औषधं, ॲलर्जी म्हणजे अंगाला न सोसणाऱ्या गोष्टी, आणि मुख्य आजार. चौथी मी माझ्याकडून घालते, झालेल्या शस्त्रक्रिया. जवानाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर नंबर, नाव आणि रक्तगट असतो, तो याच विचारातून. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्यासमोर स्ट्रेचरवर येणाऱ्या माणसाची कुठली फाइल असणार? युद्धातल्या डॉक्टरला थोडंच पण नेमकं हवं असतं. खेड्यातल्या डॉक्टरलाही तेच.

जे बाहेर जाऊ नये

आता फौजेची बाजू. ती खरी आहे आणि तिला नुसतं 'सरकारी अडेलतट्टूपणा' म्हणून झटकणं चूक ठरेल.

एका जवानाला कुठे हिमदंश झाला, हे एकट्या वाक्यात काही गुपित नाही. पण एका महिन्यात एकाच युनिटच्या दोनशे जणांना उंचीवरच्या त्रासाची औषधं दिली गेली, तर ते युनिट कुठे हललं ते कुणालाही कळेल. लसी, मलेरियाच्या गोळ्या, रक्ताच्या पिशव्यांची मागणी, या सगळ्यातून हालचाल वाचता येते. २०१८च्या जानेवारीत हे जगानं पाहिलं. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं लोक कुठे पळतात याचा जगाचा नकाशा लावला होता. वाळवंटात जिथे काहीच नाही तिथे पळण्याच्या चकाकत्या रेघा दिसल्या. ते परदेशी सैनिकांचे तळ होते. कुणीही काही चोरलं नव्हतं, नावंही नव्हती. नुसत्या गोळाबेरजेनं गुपित फुटलं.

आणि नागरी बाजूची कुलपं किती पक्की? नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातलं सर्वात नावाजलेलं रुग्णालय जवळजवळ दोन आठवडे कागद-पेनवर चाललं. फौजेतल्या अधिकाऱ्याला हे आठवत असणारच.

यावर उपाय आहेत. नोकरीत असलेल्या माणसाच्या बाबतीत बाहेर फक्त सारांश जावा. त्यात ठिकाण नको, युनिट नको, तारखेऐवजी वर्ष पुरे. 'आसाममधल्या अमुक फील्ड हॉस्पिटलात अमुक तारखेला' असं लिहायची डॉक्टरला गरज नसते. 'जी-सिक्स-पीडी कमी, प्रायमाक्विन देऊ नये' एवढं त्याला पुरतं. अण्णांना ते पुरलं असतं. माणूस पेन्शन आला की खिडकी पूर्ण उघडावी. आणि बेशुद्ध पेशंटसाठी आपत्कालीन दार असावं, पण ते कुणी, कधी, का उघडलं याची न पुसता येणारी नोंद राहावी आणि शुद्धीवर आल्यावर पेशंटला ती कळावी.

उलट वाट

हा भाग मला सगळ्यात नाजूक वाटतो. फौजेकडून बाहेर नोंद येण्याबद्दल सगळे बोलतात. बाहेरून फौजेकडे जाण्याचं काय?

सुट्टीवर आलेला जवान सोलापुरातल्या खासगी डॉक्टरकडे येतो, रोख पैसे देतो आणि म्हणतो, पावतीवर नाव नको. मी हे कितीदा पाहिलंय. कुणाला झोप लागत नाही, कुणाचा रक्तदाब वाढलाय, कुणाच्या कानात सतत शिट्टी वाजते. भीती एकच, युनिटला कळलं तर कॅटेगरी लागेल. कॅटेगरी लागली की बढती अडते, हवी ती पोस्टिंग जाते. त्यामुळे माणूस आजार लपवतो. जोडणी झाली आणि सिव्हिलमधल्या मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी आपोआप कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर गेली, तर पुढचा जवान सिव्हिललाही येणार नाही. घरीच कुढत बसेल, किंवा त्याहून वाईट काही करेल.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं कलम २३मध्ये गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं संमती आणि ती मागे घेण्याचा हक्क दिला, पण त्याच कायद्याच्या कलम १७नुसार देशाच्या सुरक्षेसाठी सरकार एखाद्या शासकीय संस्थेला त्यातून सूटही देऊ शकतं. म्हणजे नुसत्या कायद्यावर विसंबून भागणार नाही. उपचारासाठी आलेली नोंद आणि नोकरीचा निर्णय घेणारं बोर्ड यांच्यात भिंत हवी, आणि ती जोडणीच्या करारातच लिहिलेली हवी. पायलट किंवा शस्त्र हाताळणारा माणूस असेल तर काही गोष्टी सांगणं बंधनकारक राहणार, ते मान्य. पण त्यांची यादी आधी जाहीर असावी. जवानाला माहीत असावं की कोणती गोष्ट कुठे जाते.

याच कागदांना दुसरी बाजूही आहे, अपंगत्व पेन्शनची. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी नोंदवला नव्हता असा आजार पुढे जडला, तर तो नोकरीशी संबंधित नाही हे दाखवण्याची जबाबदारी जवानावर नाही. म्हणजे भरतीच्या दिवशीचा कागद वीस वर्षांनी न्यायालयात बोलतो. तोफांच्या आवाजानं अण्णांचा उजवा कान गेला. त्याची नोंद असणं आणि नसणं यात घरातल्या महिन्याच्या खर्चाचा फरक पडतो.

अमेरिकेनं काय भोगलं

हे काम आपल्याआधी अमेरिकेनं केलं आहे, आणि त्यांना ते फार महाग पडलं. तिथे सैन्याची एक प्रणाली होती आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांची वेगळी, 'व्हिस्टा' नावाची. व्हिस्टा डॉक्टरांनीच हळूहळू उभी केलेली, वापरणाऱ्यांची लाडकी. दोघांची मिळून एक नवी प्रणाली बांधायचा बेत २०१३मध्ये सोडून द्यावा लागला. मग दोघांनी एकच तयार प्रणाली विकत घ्यायचं ठरवलं. माजी सैनिकांच्या खात्याचा २०१८चा करार दहा अब्ज डॉलरच्या घरातला होता.

ऑक्टोबर २०२०मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात पहिलं रुग्णालय नव्या प्रणालीवर गेलं. आणि एक विचित्र गोष्ट घडली. डॉक्टर तपासणीची, तज्ज्ञाकडे पाठवण्याची ऑर्डर टाकत. ती कुणाकडे जायची हे संगणकाला नीट जुळलं नाही की तो ती एका अनोळखी रांगेत टाकून देई. डॉक्टरला वाटे ऑर्डर गेली. ती पलीकडे कुणालाच मिळालेली नसे. अशा अकरा हजारांहून अधिक ऑर्डरी त्या रांगेत पडून होत्या. खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२२च्या जुलैमध्ये अहवाल दिला, त्यात १४९ रुग्णांना इजा झाल्याचं म्हटलं. एप्रिल २०२३मध्ये नव्या रुग्णालयांत प्रणाली बसवणं थांबवलं गेलं.

मी तो प्रकार वाचला तेव्हा रात्री झोप लागली नाही, कारण आमच्याकडेही पोचपावती न येणाऱ्या चिठ्ठ्या असतात. माझ्या दृष्टीनं यातून एकच नियम निघतो. पाठवलेली प्रत्येक गोष्ट समोर पोचली की नाही, हे पाठवणाऱ्याला दिसलं पाहिजे. नाही पोचली तर लाल दिवा लागला पाहिजे. चांगलीही गोष्ट सांगते. मार्च २०२४मध्ये शिकागोच्या उत्तरेला, सैन्य आणि माजी सैनिक दोघांना एकाच छताखाली बघणाऱ्या रुग्णालयात दोन्ही खात्यांनी मिळून ती प्रणाली सुरू केली. आपल्याला एवढी मोठी उडी मारायची गरजच नाही, कारण आपली रचना उताऱ्याची आहे. दप्तरं बदलायची नाहीत, खिडक्या जोडायच्या आहेत.

तोवर

आमच्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांना मी सांगते, शेवटच्या मेडिकल बोर्डाची प्रत आणि एमएचचे जुने डिस्चार्ज कागद ट्रंकेत डिस्चार्ज बुकाखाली दाबून ठेवू नका. फोटो काढून मुलीच्या, सुनेच्या मोबाइलमध्ये ठेवा. एका पानावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहा आणि ईसीएचएस कार्डाच्या पाकिटात घाला. आभा काढायचं असेल तर नाव आणि जन्मतारीख फौजेच्या कागदाशी ताडून बघा. ओटीपी कुणी फोनवर मागितला तर देऊ नका, तो कितीही 'साहेब' असला तरी.

आणि अग्निवीरांच्या आयांना जास्त कळकळीनं सांगते. २०२२पासूनच्या या योजनेत मुलं चार वर्षांनी परत येतात, जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे राहतात. परत आलेल्यांना ईसीएचएस नाही. बाविशी-पंचविशीच्या त्या मुलांना आयुष्यभर नागरी दवाखानाच आहे. त्यांच्यासाठी ही जोडणी सगळ्यांच्या आधी झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ते माझं घरचंही दुखणं आहे. अण्णांना जे आहे ते बापाकडून मुलीत उतरतं, आणि मुलीकडून तिच्या मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. माझा मुलगा साडेसतरा वर्षांचा आहे. पहाटे होम मैदानावर पळायला जातो, भरतीची तयारी करतो. गेल्या महिन्यात त्याची तपासणी करून घेतली. रिपोर्टवर 'कमी' असं आलं.

त्यानं तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "आई, हे तिकडं सांगायचं का? नाकारलं तर?"

मी त्याला अण्णांजवळ बसवलं. अण्णांनी उजवा कान गेला म्हणून डावा त्याच्याकडे केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगायचं. लाल शाईनं लिहून घ्यायचं. आणि त्याची एक प्रत आईकडं ठेवूनच गाडीत बसायचं."

प्रत मी केली आहे. आमच्या घरच्या फायलीत अण्णांच्या रिपोर्टच्या मागेच ती लावली आहे.